विमान घरी बांधता येते; पण कोणते, आणि कोणाच्या सोबतीने?

प्रति,
मा. संपादक,

विषय: हौशी विमानबांधणीच्या बातम्या आणि पुण्यात बांधणी-क्लबची आवश्यकता

महोदय,

घरच्या घरी विमान तयार केल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असतात आणि त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. भंगारातून आणलेल्या नळ्या, मोटारसायकलचे इंजिन, शेताच्या बांधावर उभे केलेले यंत्र, त्यात बसलेला हसतमुख तरुण आणि शेजारी हार घेऊन उभे असलेले स्थानिक पुढारी असे छायाचित्र असते; मजकुरात खर्चाचा आकडा आणि वडिलांचा व्यवसाय असतो. या यंत्राचे रिकामे वजन किती, आराखडा कोणाचा, पंखाच्या मुख्य तुळईवर, म्हणजे स्पारवर, वाळूची पोती रचून भार देऊन पाहिला होता का आणि बांधकाम चालू असताना दुसऱ्या कोणा जाणकाराने ते एकदा तरी तपासले का, याचा मात्र त्यात कुठेच उल्लेख नसतो. हे विचारणे बातमीदाराचे काम आहे की नाही यावर मतभेद होऊ शकेल; परंतु दुसरेही कोणी ते विचारत नाही, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र आपल्याकडे पाठवीत आहे.

मी हौशी विमानबांधणीच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. चिंचवडमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, माझी नोकरी झाली आणि तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात मी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवायला शिकलो. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की स्वतःचे विमान बांधावेसे वाटणे ओघानेच येते. हा छंद जगात नवा नाही आणि त्यात चमत्कारही नाही. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली. तिथल्या नियमांत अशा विमानांसाठी स्वतंत्र वर्ग आहे आणि विमानाचा निम्म्याहून मोठा हिस्सा, ज्यांनी केवळ शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी हे काम हाती घेतले अशा माणसांनी स्वतः बनवलेला असावा, ही त्याची मुख्य अट आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीची ‘आरव्ही’ मालिकेतली घरी बांधलेली विमानेच आजवर ११,००० हून अधिक उडाली आहेत. एवढ्या मोठ्या संख्येमागे चांगल्या आराखड्याइतकाच गावोगावच्या क्लबांचा हात आहे. म्हणून पुण्यात ज्याला विमान बांधायचे असेल त्याने आधी सोबत शोधावी आणि मग विमान निवडावे, असे माझे मत आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

हा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव येतेच आणि ते यायलाही हवे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून त्याला नोंदणी मिळाली. या हकिकतीतून वृत्तपत्रांनी एकटा माणूस विरुद्ध सरकारी यंत्रणा एवढेच उचलले. परंतु यादव हे व्यवसायाने वैमानिक आहेत; विमान हवेत कसे वागते हे त्यांना पोटापाण्याच्या कामातून ठाऊक होते. त्यांचे पाहून जो विशीतला मुलगा पत्रा कापायला बसतो, त्याच्याकडे ते ज्ञान नसते आणि ते मिळावे अशी जागाही त्याच्या गावात नसते. (शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेचा आधार मी जाणूनबुजून घेतलेला नाही. १८९५ च्या त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा नाही, आणि ‘वैमानिक शास्त्रा’तील विमाने उडू शकत नाहीत असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले आहे. तरीही दर वर्षी कुठल्या तरी स्नेहसंमेलनात ती कथा पुन्हा रंगते.)

अभिमानच बाळगायचा तर तो कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या कामाचा बाळगावा. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला आणि ते १९५१ साली उडाले. १९५८ साली त्याच कारखान्यातून आलेले दोन आसनी ‘पुष्पक’ देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये वर्षानुवर्षे वापरात होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, वरच्या बाजूला पंख आणि बेताचे इंजिन अशा या विमानात मुलखावेगळे असे काहीही नव्हते, आणि नवख्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायला ते म्हणूनच योग्य होते. हौशी माणसाने आराखडा निवडताना हाच निकष लावावा, म्हणजे ज्याची शेकडो विमाने आधी उडाली आहेत आणि ज्याचे दोष दुसऱ्यांनी शोधून दुरुस्त केले आहेत तोच आराखडा घ्यावा. स्वतःच्या डोक्यातले विमान पहिल्या प्रयत्नात बांधायला घेऊ नये.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. बहुतेकांना चार आसनी विमान हवे असते, कारण कुटुंबाला घेऊन गोव्याला जायचे असते. परंतु लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे आपले घरगुती विमान ठेवता येईल आणि रविवारी सकाळी बाहेर काढता येईल, असे समजून कोणी पुढे जाऊ नये. बारामती किंवा कराडसारख्या ठिकाणी परवानगी मिळाली, तरी खरा उपयोग म्हणजे सुट्टीच्या दिवशी सकाळच्या शांत हवेत तासभर उडून परत येणे हाच असणार. त्यासाठी दोन आसने पुरतात, आणि ताशी किती किलोमीटर धावते यापेक्षा किती कमी वेगाला उतरते हे महत्त्वाचे ठरते. बर्ट रुटान यांचे ‘लाँग-ईझी’ दिसायला अतिशय देखणे आहे. कमी इंधनात लांबचा पल्ला गाठते. आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या भिंतीवर त्याचे चित्र असे. पण ते वेगात उतरते, त्याची चाके लहान आहेत आणि त्याला लांब, गुळगुळीत धावपट्टी लागते. खडबडीत मातीची किंवा गवताची पट्टी हाच ज्याला पर्याय आहे, त्याने क्रिस हाइन्त्झ यांच्या ‘झेनिथ सीएच ७०१’सारखे जाड पंखाचे, कुरूप म्हणावे असे, पण अगदी कमी वेगात तरंगणारे विमान बांधावे. देखणेपणाचा मोह ज्याने त्याने आपापल्या खिशाच्या आणि हाडांच्या हिशेबाने आवरावा.

पुण्याच्या हवेचाही हिशेब यात धरावा लागतो आणि तो सहसा कोणी धरत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखाला, प्रोपेलरला आणि इंजिनाला ती सुमारे १,६०० मीटर उंचीवरील प्रमाण हवेसारखी असते. म्हणजे चाके हडपसरच्या जमिनीवर असली तरी विमान जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करत असते. साध्या इंजिनाची शक्ती अशा वेळी सुमारे एक-षष्ठांशाने घटते, धावपट्टी जास्त लागते आणि वर चढण्याचा वेग मंदावतो. आराखड्यासोबत येणारे आकडे थंड हवेत, समुद्रसपाटीला आणि अनुभवी वैमानिकाच्या हातून मिळालेले असतात. ते पाहून ‘आपल्याला दोनशे मीटर पुरतील’ असे म्हणणे धोक्याचे आहे. इंजिन निवडताना आराखड्यात सांगितलेल्या मर्यादेतले मोठे इंजिन घ्यावे आणि मे महिन्याच्या दुपारी उडायचेच नाही असा नियम क्लबने घालून द्यावा. एकट्याने घातलेला नियम पाहुणे आले की मोडतो.

साहित्याची निवड हा तर वेगळाच प्रांत आहे. लाकूड, नळ्या आणि कापड, ॲल्युमिनियमचा पत्रा, किंवा फोम व काचतंतू, असे ढोबळ चार मार्ग आहेत. लाकडाचा मार्ग सर्वांत जुना आणि स्वस्त. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन बसवून जे लाकडी विमान उडवले, त्याचे नकाशे घेऊन लोक आजही विमाने बांधतात. आपल्याकडे अडचण अशी की त्या नकाशात सिटका स्प्रूस हे लाकूड सांगितलेले असते आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतो उत्तम साग. साग स्प्रूसच्या साधारण दीडपट जड असतो आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. त्यामुळे ‘साग काय वाईट आहे’ म्हणून तो वापरणारा माणूस वजनही वाढवतो आणि सांधेही कमकुवत करतो. बोल्टचेही तेच आहे. बोहरी आळीत कोणत्याही मापाचा बोल्ट मिळतो. पण विमानाचा बोल्ट डोक्यावरच्या खुणेने आणि सोबतच्या कागदाने ओळखायचा असतो, चकाकीने नव्हे. टूलरूममध्ये आम्ही साहित्याच्या दाखल्याशिवाय पोलाद कापायला घेत नसू. स्वतःचा जीव ज्यावर टांगायचा त्या बोल्टला तरी तेवढा मान द्यावा.

पावसाळ्याने आणखी एक निवड आपल्यासाठी करून ठेवली आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कापडावर ते ताणून घट्ट करण्यासाठी लावलेले रोगण, म्हणजे डोप, पांढरे पडते, काचतंतूंना जोडणाऱ्या इपॉक्सी राळेच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि तो धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. लाकडातली ओल मोजल्याशिवाय तर सांधा जोडूच नये. वातानुकूलित खोली असेल तर गोष्ट निराळी, पण ती इमारतीच्या पार्किंगमध्ये कुठून येणार? पत्र्याच्या विमानाला ही अडचण कमी. गंजरोधक प्रायमर नीट लावला की भर पावसातही काम चालू राहते, आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पत्रा मापात कापणारे, वाकवणारे, भोकाच्या कडेची खरखर, म्हणजे बर, काढणारे हात मुबलक आहेत. म्हणून पुण्यासाठी मी पत्र्याचे, शक्यतो आधीच भोके पाडून येणाऱ्या सुट्या भागांच्या संचाचे, विमान सुचवीन. संच महाग पडतो, आयात करावा लागतो आणि त्यावर कर भरावा लागतो. परंतु नकाशांवरून सर्व काही स्वतः बनवायला घेतलेल्या कामांपैकी किती पुरी होतात हे ज्याने पाहिले आहे, तो या खर्चाबद्दल फारसा कुरकुरणार नाही.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि त्याच्या गॅरेजमध्ये एक ‘आरव्ही’ आकाराला येत आहे. तिथे मुक्कामाला असताना मला जे पाहायला मिळाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. पत्र्याचे दोन तुकडे जोडताना आधी प्रत्येक भोकात क्लेको नावाची स्प्रिंगची तात्पुरती पकड बसवतात. पंखावर अशा शेकडो पकडी ओळीने उभ्या असतात. मग एकेक काढून रिव्हेट भरायचा, एका बाजूने हवेवर चालणारी रिव्हेट गन लावायची आणि दुसऱ्या बाजूने पोलादाचा घडीव ठोकळा, ज्याला बकिंग बार म्हणतात, तो सरळ दाबून धरायचा. ठोकळा किंचित कलला की रिव्हेटचे डोके तिरके बसते; मग ते ड्रिलने काढायचे आणि भोक मोठे होऊ न देता नवे बसवायचे. पंखाच्या आतल्या बाजूला एका माणसाचा हात पुरत नाही, म्हणून दुसरा माणूस लागतो. त्या संध्याकाळी ठोकळा मी धरला होता. एरवी तो शेजारच्या रस्त्यावर राहणारे एक निवृत्त गृहस्थ धरतात, ज्यांचे स्वतःचे विमान त्या गावच्या छोट्या विमानतळावर उभे आहे. हे गृहस्थ दर वेळी न सांगता आरशाने आणि टॉर्चने मागच्या रांगा पाहतात. त्यांनी खडूने गोल केलेला रिव्हेट भाचा निमूटपणे बदलतो. ज्याला अशी सोबत नाही त्याने ‘पॉप’ रिव्हेटने जोडले जाणारे विमान निवडावे, कारण ते एकट्याला बसवता येतात. पण खडू घेऊन येणारा माणूस तरीही लागतोच.

तिथल्या संघटनेच्या शाखा महिन्यातून एकदा जमतात. रविवारी सकाळी हँगरमध्ये न्याहारी असते, तव्यावर पॅनकेक भाजणारा माणूस कधी इंजिनांचा तज्ज्ञ निघतो, आणि नवखा बांधणारा आपला पहिलावहिला शेपटीचा भाग मोटारीत टाकून सर्वांसमोर आणतो. अनुभवी सदस्य ‘टेक्निकल कौन्सेलर’ म्हणून घरी येऊन, पत्रा कायमचा बंद करण्याआधी, आतले काम पाहून जातात. पहिल्या उड्डाणाआधी वैमानिकाची तयारी पाहणारे सल्लागार निराळे असतात. ब्रिटनमध्येही अशी संघटना आहे आणि तिथे निरीक्षकाने टप्प्याटप्प्याला सही करावी लागते. आपल्याकडे कागद मागणारे पुष्कळ आहेत. बंद होण्याआधी पंखाच्या आत डोकावणारा मात्र कोणी नाही.

क्लबचा उपयोग कंपनी अडचणीत आल्यावरही कळतो. ‘आरव्ही’ बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीला २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाकडे दिवाळखोरीपासून संरक्षण मागावे लागले. लेसरने कापलेल्या भोकांना डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटचे डोके बसावे म्हणून त्यांच्या कडा दाबून खळगा पाडताना, तडे जात असल्याचे उघड झाले होते, हे त्यामागचे एक कारण. पुढे कंपनीची पुनर्रचना झाली आणि ती चालू राहिली. पण त्या काळात कोणते भाग बदलायचे आणि कोणते चालतील हे शेजारच्या शेडमध्ये जाऊन विचारता येणे आणि पुण्यात एकट्याने पेटी उघडून बसणे यांत केवढा फरक पडला असता, याची कल्पना करावी. लहान, अनोळखी कंपनीचा स्वस्त संच घेणाऱ्याने तर याचा दुप्पट विचार करावा.

इंजिनाबद्दल मी थोडा कठोर बोलणार आहे. मोटारसायकलचे इंजिन विमानाला बसवणे ही बातमीत कौतुकाची बाब असते. प्रत्यक्षात तिथेच बहुतेक घोळ असतो. रस्त्यावरचे इंजिन बहुतांश वेळ आपल्या शक्तीच्या लहानशा भागावर चालते आणि सिग्नलला विश्रांती घेते. विमानाचे इंजिन चढताना पूर्ण शक्तीवर आणि नंतर तासन्‌तास साठ-सत्तर टक्क्यांवर चालवावे लागते. थंड करण्याची सोय, प्रोपेलरमुळे दांड्यावर येणारी पिळाची कंपने आणि प्रज्वलनाची दुहेरी व्यवस्था या तिन्ही गोष्टी त्यासाठी मुळापासून विचारात घ्याव्या लागतात. ‘रोटॅक्स ९१२’ हे चार सिलिंडरचे, ८० किंवा १०० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत फिरते आणि गिअरने वेग उतरवून प्रोपेलर फिरवते. त्याची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, पण ती किंमत नुसत्या धातूची नसते, एवढ्या वर्षांच्या अनुभवाचीही असते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या नव्या ‘हंसा’ विमानातही याच कुळातले इंजिन आहे.

यात आपल्या देशातली एक ताजी गुंतागुंत अशी की हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते म्हणून लोकप्रिय झाले, परंतु त्याच्या उत्पादकाने १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केले आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि टाकीतले सीलंट खराब करते, आणि उन्हाळ्यात नळीत वाफ अडकण्याचा धोका वाढवते. विमानाचे खास पेट्रोल, म्हणजे ‘एव्हगॅस १०० एलएल’, इंडियन ऑइलने २०२२ पासून देशातच बनवायला घेतले आहे. पण एकट्या माणसाने ते पिंपाने आणावे, आगीचे नियम पाळून साठवावे आणि कुठे साठवावे? पार्किंगमधल्या पिंपाला गृहनिर्माण संस्था हरकत घेईल आणि ते योग्यच ठरेल. दहा-पंधरा सभासदांच्या क्लबला मात्र ही सोय रीतसर करता येते.

वजनाची गोष्ट घाईने उरकायला नको. प्रत्येक बांधणाऱ्याला वाटते की थोडी जाड पट्टी लावली तर मजबुती वाढेल, गादी जरा चांगली हवी, रंगाचा आणखी एक हात मारावा. वजन १० टक्क्यांनी वाढले की तरंगण्याचा किमान वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो आणि हे सगळे भाग शेपटीकडे गेले तर गुरुत्वमध्य मागे सरकून विमान बेभरवशाचे होते. म्हणून शेवटी तोल काढायचा असतो आणि ते दृश्य गवंड्यालाही ओळखीचे वाटेल. तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे, पाणसळ ठेवून विमान समतल केलेले, पंखाच्या पुढच्या कडेवरून सोडलेला ओळंबा आणि फरशीवर खडूने मारलेल्या रेषा. तिथून प्रत्येक चाकापर्यंतचे अंतर मोजून साधा गुणाकार-भागाकार करायचा. दारे बंद करून, वारा थांबवून करायचे हे काम दोघांनी स्वतंत्रपणे मोजून ताळा घेतल्याशिवाय मान्य करू नये. वृत्तपत्रातल्या छायाचित्रात हार घातलेल्या विमानाऐवजी एकदा तरी हा ओळंबा दिसावा अशी माझी फार इच्छा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन किंवा इंधनव्यवस्था बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे ही त्यात ठळक कारणे होती. अपघात विमानाच्या पहिल्या काही उड्डाणांत, तसेच बांधलेले विमान विकत घेतलेल्या नव्या मालकाच्या पहिल्या काही उड्डाणांत अधिक झाले होते. तिथे सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच, प्रवासी न घेता, उड्डाण करून विमान तपासावे लागते. यात एक मानवी सापळा आहे. बांधकाम चालू असलेल्या वर्षांत सगळा पैसा आणि सगळे रविवार विमान खाऊन टाकते, त्यामुळे बांधणारा उडणे सोडून देतो आणि विमान तयार होते तेव्हा त्याचा सराव तुटलेला असतो. पहिले उड्डाण स्वतःच करण्याचा हट्ट अशा वेळी जिवावर बेततो.

हडपसरचे केंद्र मला इथे आठवते ते याच कारणासाठी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतल्या या केंद्रात आम्ही शिकत होतो तेव्हा विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर वर ओढला जाई. मैदानाच्या टोकाला ग्लायडर एक पंख टेकवून उभा असे. एक जण पंखाचे टोक उचलून सोबत चार पावले धावे, दुसरा खूण करी, पलीकडच्या टोकाला विंचवरचा माणूस तार ओढी, वर गेल्यावर वैमानिक तार सोडी आणि ती छोट्या छत्रीसह खाली येई, मग कोणी तरी ती परत आणायला निघे. एका माणसाच्या काही मिनिटांच्या उड्डाणासाठी बाकीच्यांना उन्हात राबावे लागे, आणि जो राबत नसे त्याचा नंबर आपोआप मागे जाई. शिस्त तिथे कोणी भाषण करून शिकवली नाही. उड्डाण न करता घालवलेली सकाळही वाया गेली असे कधी वाटले नाही, कारण दुसऱ्याचे उतरणे पाहूनच निम्मे शिकायचे असते. देशातच आराखडा झालेल्या, शेजारी-शेजारी बसायच्या लाकडी ‘रोहिणी’ ग्लायडरचे नाव त्या पिढीतल्या कित्येकांना अजून आठवत असेल. इंजिनाशिवाय उडणे त्या मानाने स्वस्त असते, आणि उतरण्याची एकच संधी असल्यामुळे अंदाज पक्का होतो. बांधणाऱ्याचा हात चालू ठेवायला याहून चांगली सोय पुण्याच्या आसपास मला तरी माहीत नाही.

माझी सूचना अशी की या केंद्रालगत किंवा बारामतीसारख्या धावपट्टीपाशी एक साधी शेड बांधणी-क्लबला मिळावी. क्लबने पहिले काम विमानाचे घेऊ नये. एखादा मोडलेला जुना लाकडी ग्लायडर मिळवून त्याची डागडुजी करावी. तो पुन्हा उडवण्याची गरज नाही, एखाद्या महाविद्यालयाच्या दर्शनी भागात टांगला तरी चालेल. त्यात गोंद, कापड, टाके, तोल, नोंदवही या सगळ्याची उजळणी होते आणि कोण टिकतो, कोण फक्त छायाचित्रापुरता येतो, हेही कळते. त्यानंतर सभासदांनी मिळून एकच दोन आसनी, सिद्ध आराखड्याचे विमान घ्यावे. दहा जणांनी दहा वेगवेगळी विमाने आरंभण्यापेक्षा दहा जणांनी एक पुरे केले तर अकराव्याला विचारायला कोणीतरी असेल. आयटीआयच्या शीट मेटल शाखेची मुले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्पर्धेसाठी मोटारी बांधणारे विद्यार्थी संघ हे या क्लबचे नैसर्गिक सभासद आहेत. निवृत्त फिटर आणि हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ पुण्यात मोठ्या संख्येने राहतात. खडू घेऊन फिरणारी माणसे त्यांच्यातून मिळतील.

महासंचालनालयाकडे मागणी इतकीच की हौशी बांधणाऱ्याने कोणत्या टप्प्यावर काय दाखवायचे याची मराठीत आणि हिंदीत सोपी पुस्तिका काढावी आणि काम पूर्ण झाल्यावर हरकत घेण्याऐवजी, पहिला पत्रा कापण्याआधी अर्ज घेण्याची पद्धत रूढ करावी. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी याविषयी लेखी विचारणा केली होती. ‘विमान तयार झाल्यावर या’ असे तोंडी उत्तर मिळाले. तयार झालेल्या पंखाच्या आत मग पाहायचे कसे, हे मी विचारले नाही, कारण टेबलापलीकडची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की अशी बातमी पुन्हा आली तर छापण्यापूर्वी बातमीदाराने आराखडा, वजन, तपासणारा आणि वैमानिकाचे उड्डाणाचे तास ही चार उत्तरे घ्यावीत आणि ती मिळाली नाहीत तर तसे मजकुरात लिहावे. माझ्याकडे एक रिव्हेट गन, वेगवेगळ्या घडणीचे बकिंग बार आणि टूलरूममधून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भेट दिलेली मोजमापाची साधने आहेत. क्लब उभा राहत असेल तर ती सर्व देण्याची माझी तयारी आहे. पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी
हडपसर, पुणे